पोडावर उद्या कोरोना लसीची एकच व्हायल, आधी कोणाला द्यावी?

आशा स्वयंसेविका, झरी-जामणी (मे २०२१)
नमस्कार. कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, उद्या सिस्टर कोविशील्डची एकच व्हायल (कुपी) आणणार आहेत. म्हणजे दहा डोस, आणि यादीत ४५ च्या वरचे तिपटीहून जास्त. महिन्याच्या सुरुवातीला १८ च्या वरच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा शहरातल्या गाड्या आमच्या केंद्रावर यायच्या, मोबाइलवर स्लॉट त्यांनाच मिळायचा. पोडावर तर रेंजच नाही. म्हणून हे दहा डोस तरी पोडाच्याच माणसांना मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. खाटेवरून न उठणारी एक आजी आहे, शुगरवाली एक बाई आहे. गावातले किराणा दुकानदार, वय ४७, म्हणतात मी रोज सगळ्यांना भेटतो, मला आधी द्या. काय करू?

निवृत्त एएनएम (आरोग्यसेविका), वणी
आजीला आधी, ताई. १ मार्चला साठीच्या वरच्यांपासून आणि ४५ च्या वरच्या आजारी माणसांपासून सुरुवात केली ती याचसाठी, कोरोनात जीव जायचा धोका त्यांनाच जास्त. मग शुगरवाली. दुकानदार मास्क लावू शकतो, दुकानापुढे दोरी बांधू शकतो. आजीला वय कमी करता येत नाही. दुसऱ्या डोसवाल्यांना सध्या थांबवा, १३ मेला दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आहे. आणि दहा जण समोर बसल्याशिवाय व्हायल उघडू देऊ नका. उघडली की चार तासांत संपवावी लागते. चार-पाच जास्तीचे बोलवा, पण ‘उरली तरच’ हे आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

शेतकरी, पांढरकवडा
बाई, यादी करून भागत नाही. मिरगाच्या आधी वावर तयार कराचं हाय. सुई घेतली का दोन दिस ताप येते, मंग मजुरी कोन देईन? कमावते लोक ऐन टायमाले येत नाही. आज रातीच घरोघरी इचारा.

आशा स्वयंसेविका
भाऊ, हे बरोबर बोललात. तापाच्या गोळ्या सोबत नेते. साठीच्या वरचे आधी, मग शुगर-बीपीवाले, उरले तर ४५ चे. आजीला खाटेवरच टोचू, सिस्टर तयार आहेत. दुकानदारभाऊंना मीच सांगते, रागावले तरी चालेल. पोडाच्या प्रमुखांना, नाईकांना, फोन लागत नाही, म्हणून आत्ताच पोडावर निघते.