फॉस्डेमला एकटाच चाललोय, ओळखी कशा काढायच्या?

मंडळी, मदत हवी आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सला फॉस्डेम या ओपन सोर्स (मुक्त) सॉफ्टवेअरवाल्यांच्या संमेलनाला जायचं ठरवलंय, पुण्याहून एकटाच. तिथे तिकीट नाही, नावनोंदणी नाही, थेट विद्यापीठाच्या सोलबॉश कॅम्पसमध्ये शिरायचं. मग शेंगेन व्हिसाच्या अर्जाला कोणतं पत्र जोडायचं? कोणी गेलं असेल तर सांगा.

खरी अडचण वेगळीच आहे. चार वर्षं ज्या सॉफ्टवेअर प्रकल्पाला पॅच (कोडमधल्या छोट्या सुधारणा) पाठवतोय, त्यातली माणसं मला फक्त टोपणनावांनी माहीत आहेत. चॅटवर मी बिनधास्त भांडतो, समोरासमोर मात्र तोंडाला कुलूप! शुक्रवारी रात्री सगळे बिअरला जमतात म्हणे. मी पीत नाही. हातात ज्यूसचा ग्लास घेऊन उभं राहिलं तर चालतं ना?

शिवाय चांगल्या व्याख्यानांच्या खोल्या लगेच भरतात आणि दारावर ‘फुल’ची पाटी लागते. त्यामागे धावावं, की के इमारतीतल्या प्रकल्पांच्या स्टॉलपाशीच ठिय्या द्यावा? मला दुसरं बरं वाटतंय, कारण व्याख्यानांचे व्हिडिओ नंतर घरी बघता येतात.

ओळख काढायला बाकरवडीची पाकिटं नेतोय. (बायको म्हणते, तीच तुझं व्हिजिटिंग कार्ड.) दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत हे माहीत आहे, बाकरवडीवरून कस्टम्सने कोणाला अडवलंय का?