अमेरिकेत पीए व्हायचंय, बी.एस्सी.त काय शिकून ठेवू?

चोपड्याची मुलगी: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र अन् रसायनशास्त्र. अमेरिकेतली मावशी म्हणते, पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट हो, डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारी, उपचार करणारी. आतापासून काय करू?

भुसावळची ताई: बेटा, तिथे हा पदवीनंतरचा मास्टर्स आहे. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी मानवी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र मागतात, तेही प्रॅक्टिकलसकट. आपलं प्राणिशास्त्र त्यात धरलं जाईलच असं नाही. माझ्या मार्कशीटवर नुसतं ‘प्राणिशास्त्र, पेपर ३’ होतं. आत काय शिकले ते दाखवायला कागदच नव्हता, अर्ज तिथेच थांबला. अजून जिवाला लागतं. म्हणून प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम आजच फाईलला लाव. बरीच कॉलेजं परदेशातले विषय मानतच नाहीत, ते तिथे पुन्हा करावे लागतात. मावशीला आधी हेच विचारायला सांग.

धुळेकर: पेशंटजवळ काम केल्याचे तासही बघतात, बऱ्याच ठिकाणी हजारच्या आसपास. आणि हा कोर्स भारतातही आहे, चेन्नईत १९९२ पासून.

चोपड्याची मुलगी: ताई, उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जाते. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रमही मागू ना?

भुसावळची ताई: हो, सही-शिक्क्यासकट.