‘नशिबात असेल तर बुडेल’ म्हणणाऱ्यांना : पूर, दैव आणि मधले 4 फूट

गंगावेस_दुरुस्तीवाला
परवा इथंच कोल्हापूरच्या पुरावर एकानं लिहिलं : “2019 ला आलं, 2021 ला आलं. ज्याच्या नशिबात बुडायचं ते बुडणारच. सामान वर चढवून कुणाचं दैव बदललंय? अंबाबाईवर भार टाका आणि निवांत झोपा.” खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

पाऊस किती पडायचा ते आपल्या हातात नाही, मान्य. पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा आणि 43 ला धोका, हे काय सटवाईनं लिहिलंय? मधे 4 फूट आहेत. माणसाची जी काय मर्जी चालायची ती तेवढ्यात चालते. त्यात करायचं काय? आधी जनावरं आणि गाड्या, कारण रस्ता तुटला की त्या निघत नाहीत. मग कागद : सातबारा, रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी, दुहेरी प्लास्टिकात. फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि वॉशिंग मशीनची मोटर दोन्ही तळाला असतात, त्यामुळं घोटाभर पाण्यातही खर्च निघतो. फ्रीज आडवा करून नेला असेल तर उभा करून काही तास थांबा, तेल खाली बसू दे, मग चालू करा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि साखळीनं बांधा, पुरात तरंगत जातं. मेन स्विच पाणी यायच्या आधी पाडायचा, पाण्यात उभं राहून नव्हे.

आणि ती आशा, “मागच्या खुणेच्या वर येत नाही”! 2019 ला 55 फुटांच्या वर गेलं. भिंतीवर रेघ मारली, रेघेच्या वीतभर वर फळी ठोकली. 2021 ला 56 पार. फळीसकट गेलं.

शुक्रवार_पेठ
माझीच पोस्ट आहे ती. नाव घ्यायला लाजलास काय भावा?
2021 ला वेळेत हलवलेल्यांचं पण गेलंच की. ज्या गल्लीत पाहुण्याकडं नेऊन ठेवलं, तिथंच पाणी शिरलं. त्यांनी तुझे 4 फूट वापरले होते. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

गंगावेस_दुरुस्तीवाला
पूररेषेच्या आतनं काढून पूररेषेच्या आतच ठेवलं, असं म्हणायचं.

नकाशे_बघणारी
नकाशावरची निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल तो पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. लोकांना वाटतं एकदा आला की आता 25 वर्षं सुट्टी. तसं नसतं दादा. निळ्या रेषेवरच्या घराला दरवर्षी 4 टक्के धोका, गेल्या वर्षी येऊन गेला तरी यंदा तेवढाच. 10 वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 33 टक्के, 25 वर्षांत 64. म्हणजे 25 वर्षं राहूनही एकदासुद्धा न बुडणारे निघतात, आणि तेच सगळ्यांना सांगत सुटतात की देवीची कृपा आहे. बुडालेला बोलत नाही, तो चिखल काढत असतो.

राजारामपुरी_गीतापाठ
दोघंही अर्धवट बोलताय. गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक काढा. कोणत्याही कर्माची पाच कारणं : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. पाचवं! एकमेव नव्हे. शुक्रवार पेठेनं उरलेली चार गिळली आणि गंगावेशीनं पाचवं.
राधानगरी धरणाचंच घ्या. तलावात साठलेलं ते संचित. नदीत उतरलेलं ते प्रारब्ध, ते भोगायचंच. आणि दरवाज्यावर बसलेला माणूस किती सोडायचं ते ठरवतो, ते क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारं कर्म.

पाटबंधारे_निवृत्त
मास्तर, दृष्टांत झकास, पण राधानगरीच्या दरवाज्यावर कुणी बसत नाही. सात दरवाजे, सातही स्वयंचलित. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की त्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. बटण नाही. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, सातही उघडले तर दहा हजाराच्या घरात. तलाव भरायच्या आधी या दरवाज्यांतनं थेंब सोडता येत नाही. म्हणजे तुमच्या क्रियमाणाच्या जागी लोखंड आहे.

शुक्रवार_पेठ
बघा! सरकारी माणूसच सांगतोय, कुणाच्या हातात काही नाही. 🙏

पाटबंधारे_निवृत्त
असं म्हटलेलं नाही. असले दरवाजे बसवायचं माणसानंच ठरवलं. आणि लोखंड गंजतं, त्याला ग्रीस लागतं. डिसेंबर 2021 मध्ये दुरुस्ती चालू असताना याच धरणाचा एक दरवाजा अचानक उघडला, ऐन हिवाळ्यात नदीकाठ हलला. ते विधिलिखित होतं की देखभाल?

शिरोळ_ऊसवाला
धरणं, श्लोक, टक्के, सगळं बोललात. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं नाव कुणी घेईना. आमचं दैव विजयपूरच्या बाजूला बसलंय. पाणी पुढं सरकतच नाही, मागं तुंबून फूग येते. चार-चार दिवस ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गाभ्यात, चिखल गेला की ऊस कुजतो, मग कांडीला पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, वजन नाही, साखरेचा उतारा नाही. यात मी कुठली ‘चेष्टा’ करायची मास्तर?

पाटबंधारे_निवृत्त
2019 नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, तिनं अलमट्टीवर खापर फोडलं नाही. पाऊस, नदीपात्रातली अतिक्रमणं, भराव, ही कारणं आधी येतात.

शिरोळ_ऊसवाला
वा रे समिती! मग अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरनं 524.256 करायला महाराष्ट्र विरोध का करतोय? दोष नसेल तर वाढवू द्या की. बांधा अजून चार मजले!

पाटबंधारे_निवृत्त
आजच्या उंचीनं काय झालं आणि वाढीव उंचीनं काय होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आवाज चढवून एक होत नाहीत.

शिरोळ_ऊसवाला
पेन्शन खाऊन शिकवू नका काका.

नकाशे_बघणारी
पेन्शन काढायची गरज नव्हती. आणि शिरोलीजवळ महामार्गाचा भराव दोन्ही पुरात आडवा होता, तो कर्नाटकानं नाही घातला. भरावाऐवजी कमानींचा पूल वर्षानुवर्षं मागतोय आपण. दर निवडणुकीला आशा, दर जुलैला पाणी.

वाडीकर
मूळ मुद्दा वाहून गेला म्हणून लिहितो. श्रद्धेला नावं ठेवणाऱ्यांनी नृसिंहवाडीला येऊन बघावं. दत्त मंदिरात पाणी उत्तरेकडून आत येऊन दक्षिण दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, त्या पाण्यात स्नानाला गर्दी उसळते. तुमच्या लेखी पूर म्हणजे आपत्ती, आमच्या लेखी कृष्णा नदी दत्त महाराजांच्या पायाला लागायला आली. आणि गंगावेशीतल्या शहाण्यांना सांगायचं, पाणी चढायला लागलं की उत्सवमूर्ती उचलून नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. रीतच आहे ती. तिथं कुणी म्हणत नाही, “देव आहे, बघेल त्याचं तो.”

गंगावेस_दुरुस्तीवाला
हेच तर सांगतोय! देवाला हलवायला चालतं आणि फ्रीज हलवला की अश्रद्धा?

वाडीकर
तुमच्या बाजूनं लिहिलेलं नाही. सोहळ्याला ‘आपत्ती पर्यटन’ म्हणणारी तुमचीच जुनी पोस्ट होती.

विमा_सर्व्हेअर
दैवावर भरवसा असलेल्यांनी दुकानाची पॉलिसी एकदा उघडावी. आगीच्या पॉलिसीत वादळ-पूर हा भाग असतो, पण हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून तो काढूनही देता येतो. तो काढला असेल तर पुरानंतर हातात शून्य. गाडीचंही तेच. पाण्यात बुडालेली गाडी “चालू होतीय का बघू” म्हणून स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर क्लेम नाही. बॅटरीची वायर सोडा, टो करून न्या. फोटो पाण्यात असतानाचे काढा, धुतल्यानंतरचे नको.

राजारामपुरी_गीतापाठ
स्वयंचलित दरवाजांचं कबूल, दृष्टांत मागं घेतो. पण त्या धरणाचंच बघा. शाहू महाराज 1922 ला गेले तेव्हा ते अर्धवट होतं. आपल्या डोळ्यांदेखत भरणार नाही अशी भिंत माणूस कशाच्या जोरावर घालतो? टक्केवारीच्या? आशा निव्वळ फसवी म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

नकाशे_बघणारी
आशेला विरोध नाही सर. ती पाटबंधाऱ्याच्या आकड्यासकट ठेवा एवढंच. जुन्या खुणेच्या वर किमान 3 फूट, आणि मुक्काम लाल रेषेच्या बाहेर.

शुक्रवार_पेठ
बरं बाबांनो, जिंकलात. 39 ला पोचलं की फ्रीज वर चढवतो, तुमच्या समाधानासाठी. पण पंचगंगेची ओटी भरणारच, आणि पाणी उतरलं तर ते ओटीनंच उतरलं म्हणणार.

गंगावेस_दुरुस्तीवाला
भर की. फक्त प्लास्टिकच्या पिशवीसकट सोडू नकोस. आणि उतरल्यावर लगेच मेन चालू करू नकोस, बोर्ड उघडून वाळव, वायरमनकडून मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घे. चिखल ओला आहे तोवर काढ.

शिरोळ_ऊसवाला
524.256 वर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.