कुरिअरवाल्याशी भांडत बसू नका

कोथरूडच्या एका ताईंनी लिहिलंय, ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं भांडं तडकलेलं आलं आणि विक्रेता म्हणतो, "आमच्याकडून नीट गेलं होतं, कुरिअरला विचारा." का विचारायचं? कुरिअर नेमला त्यांनी, पैसे घेतले त्यांनी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, हेही त्यातच आहे. तेव्हा चॅटबॉट सोडा, त्या अधिकाऱ्याला मेल टाका.

खरी मारामारी पुराव्याची. आमच्या सोसायटीत खोकी वॉचमनच्या केबिनमध्ये दिवसभर पडून असतात, म्हणजे "तिथेच फुटलं असेल" म्हणायला विक्रेते मोकळे! म्हणून एकाच शॉटमध्ये व्हिडिओ काढा: आधी लेबलवरचा नंबर, मग चेपलेला कोपरा, मग टेप कापणं. आणि खोकं लगेच रद्दीवाल्याला देऊ नका, पिकअपला येणारा मुलगा बऱ्याचदा तेच मागतो.

तरी दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. त्यापुढे ग्राहक आयोगात ऑनलाइन दावा लावायचं ई-जागृती पोर्टल. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता पुण्यात, म्हणून पुण्याच्या जिल्हा आयोगात दावा चालतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. भांड्यासाठी एवढं कोण करतंय, हे त्यांनाही ठाऊक असतं म्हणा.

हो, आणि साइटच्या वॉलेटमध्ये पैसे परत घ्यायला लगेच 'ओके' करू नका. ज्या खात्यातून गेले, तिथेच मागा.