हुक्की आणि लहर एकच नव्हे

काहीजण म्हणतात की अचानक येणाऱ्या इच्छेसाठीचे हुक्की, लहर, तलफ हे तिन्ही शब्द कुठंही अदलाबदल करून चालतात. लहर आणि हुक्कीपुरतं काही ठिकाणी मान्य, पण तलफ नाही. तलफेला आधीची सवय लागते: चहाची, तंबाखूची. हुक्कीला तसलं काही लागत नाही, उलट ती अवेळी आणि विनाकारणच हवी. 'रात्री बारा वाजता त्याला भजी तळायची हुक्की आली', यात भज्यांचं व्यसन नाही. शिवाय हुक्की फक्त 'येते'. ती 'केली' किंवा 'फिरली' म्हटलं की कानाला खटकतं. लहर मात्र येते आणि फिरतेही. कारण मुळात ती पाण्याची लाट, आणि लाट परतते. साप चावल्यावर विषाच्या 'लहरी' येतात म्हणतात, तोही हाच शब्द.

आणखी एक मुद्दा शुद्धलेखनाचा. 'लहरी' हे लहरचं अनेकवचनही आहे आणि विशेषणही (लहरी माणूस, लहरी पाऊस). त्यामुळे 'साहेबांच्या लहरीवर' की 'लहरींवर' असा घोळ होतो. एकच लहर असेल तर अनुस्वार नको. 'लहरी सांभाळता सांभाळता' अशा अनेक असतील तर 'लहरींवर'. हुक्कीपासून असं विशेषण होत नाही, 'हुक्की माणूस' कुणी म्हणत नाही. आणि लहरी या अर्थी वापरलं जाणारं 'तुघलकी' हे विशेषण (१३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेणाऱ्या महंमद तुघलकावरून) फर्मानाला, निर्णयाला शोभतं. भज्यांच्या इच्छेला नव्हे.