सिंगापूर: थियान हॉक केंग देवळात आईबाबांना न्यावं का?

हर्णैकर:
पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन सिंगापूरला जातोय. बाबांची सगळी नोकरी बोटीवर गेली. तेलोक आयर रस्त्यावरचं खलाशांच्या देवीचं जुनं चिनी देऊळ बघायचंच, असं त्यांनी धरून ठेवलंय. पण नकाशात आजूबाजूला नुसत्या उंच इमारती, समुद्राचा पत्ता नाही. बाबांचे गुडघे दुखतात आणि हाताशी एकच सकाळ आहे. जाण्यासारखं आहे का?

भटकीमुंगी:
छोटं आहे. पंधरा मिनिटांत फोटो काढून होतात. बाकी वेळ बागेत घालवा.

तेलोकची_शेजारीण:
पंधरा मिनिटांत उरकू नका हो! मी इथेच राहते, घरी आलेल्या पाहुण्यांना आधी तिथे नेते.

समुद्र होता, अगदी दारात. १८३९ ते १८४२ मध्ये होक्कियन लोकांनी, म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्यांनी, हे देऊळ बांधलं तेव्हा तेलोक आयर म्हणजे किनाराच. त्याआधी तिथे लहानसं देवघर होतं. फुजियानहून आलेली माणसं जहाजातून उतरली की वादळातून तारलं म्हणून आधी माझू या खलाशांच्या देवीपुढे उदबत्ती लावायची, मग कामधंदा शोधायला जायची. पुढे भराव टाकून समुद्र लांब ढकलला. म्हणून बाबांना सांगा, दर्शन झालं की देवी जिकडे बघते तिकडे तोंड करून दोन मिनिटं उभं राहा. समोर आता रस्ता आहे, पण तिला तिथे बसवलं ते लाटांकडे बघायला.

माझू ही मूळची फुजियानमधल्या मेइझोउ बेटावरची मुलगी, लिन मोनियांग. जन्म इ.स. ९६० चा सांगतात. तिचे दोन सेवक आहेत, एक हजार कोसांवरचं बघणारा, दुसरा वाऱ्यावरचं ऐकणारा. बोटीवर रात्रीचा पहारा केलेल्या माणसाला हे दोघे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत!

वर बघायला विसरू नका. लाकूडकाम खिळ्यांशिवाय सांध्यात सांधा बसवून केलंय. तुळयांखाली चक्क भारतीय माणसांच्या मूर्ती आहेत, छत तोलून धरल्यासारख्या. आणि १९०७ मध्ये चीनच्या ग्वांगशू सम्राटाने दिलेली चार चिनी अक्षरं, अर्थ असा: दक्षिण समुद्रावर लाटा शांत राहोत.

हर्णैकर:
भारतीय मूर्तींचं माहीतच नव्हतं. गुडघ्यांचं काय?

तेलोकची_शेजारीण:
तेलोक आयर मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून चालत थोडंसंच. देवळात जिना चढायचा नाही, पण उंबरा चांगलाच उंच आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, आपल्यासारखंच. तेवढा बाबांचा हात धरा. तिकीट नाही. सकाळीच जा, दुपारी अंगण तापतं.

जुनाखलाशी:
त्याच रस्त्यावर नागोर दर्गा आहे, दक्षिण भारतातून आलेल्या चुलिया मुसलमानांनी १८२८ ते १८३० मध्ये बांधलेला. तोही बघा. एकाच किनाऱ्यावर उतरलेली माणसं ही. मागे अमॉय स्ट्रीटच्या बाजूला देवळाच्या भिंतीवर त्या काळच्या स्थलांतरितांचं लांबलचक चित्र रंगवलंय.

हर्णैकर:
ठरलं, अख्खी सकाळ तिथेच. आई विचारतेय, नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला देतो तसा नारळ चालेल का?

तेलोकची_शेजारीण:
नारळ फोडत नाहीत तिथे. आईंना म्हणावं, संत्री घेऊन या.