मदत हवी आहे: आईच्या खांद्याचं ऑपरेशन करावं की फिजिओवरच राहावं?
नमस्कार मंडळी, गणपतीत माळ्यावरून मखर काढताना आई (वय ६४) स्टुलावरून पडली, उजव्या खांद्याचा एमआरआय केला तर रोटेटर कफच्या (खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या) ४ स्नायूंपैकी वरचा, सुप्रास्पायनेटस, त्याचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) हाडापासून पूर्ण सुटलंय. सर्जन म्हणतात दुर्बिणीतून जोडून घ्या, उशीर केला तर स्नायूत चरबी भरते आणि मग जोडलेलं नीट धरत नाही. फिजिओवाल्या ताई म्हणतात आधी ३ महिने व्यायाम करू, बाकीचे स्नायू काम उचलतात. दोघांचंही पटतं हीच पंचाईत!

सध्या ती भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते, रोज पेन्सिलने खूण करते, ६ आठवड्यांत खुणा वीतभर वर गेल्यात पण अंबाडा अजून मलाच घालावा लागतो आणि रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. ऑपरेशन केलं तरी ४ ते ६ आठवडे हात झोळीत, पुढे परत व्यायाम आहेच, त्यात तिला शुगर, म्हणजे खांदा आखडायची भीती.

तुमच्याकडे साठीनंतर पूर्ण फाटलेला कफ कुणी नुसत्या व्यायामावर निभावलाय का? आणि टाके घातलेल्यांचा हात किती महिन्यांनी डोक्यावर गेला? गुडघ्यांचे अनुभव नकोत प्लीज, ते ढीगभर ऐकून झालेत.